अमेरिकेतल्या काउंटीचं मीडियन घरगुती उत्पन्न वर्षानुवर्षं कसं काढायचं : फाइल उतरवण्याआधीपासून चार्टपर्यंत

तिकडे एमएस, पीएचडी करणारी किंवा डेटाच्या नोकरीत असलेली आपली बरीच मुलंमुली मला एकच प्रश्न पाठवतात, की अमुक काउंटीचं (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) उत्पन्न गेल्या दहा-पंधरा वर्षांत किती वाढलं, आणि सोबत जी एक्सेल शीट येते तिच्यात जवळपास दरवेळी त्याच त्या चुका असतात. आकडे सगळे सरकारी, खरे, तरी उत्तर चुकीचं. कारण पायऱ्यांचा क्रम चुकतो, आधी डाउनलोड होतं आणि मग विचार सुरू होतो. म्हणून इथे क्रमच सगळ्यात महत्त्वाचा धरलाय, मधली पायरी गाळून पुढे जाऊ नका.

टप्पा १ : आपण नेमकं काय मोजतोय ते आधी लिहून काढा

मीडियन म्हणजे शाळेत शिकलेला मध्यक. मध्य वेगळा, तो सरासरी. सगळी घरं उत्पन्नाप्रमाणे ओळीत उभी केली तर बरोब्बर मधल्या घराचं उत्पन्न म्हणजे मीडियन. चार श्रीमंत घरं आणखी श्रीमंत झाली की सरासरी वर जाते, मीडियन हलत नाही.

घर म्हणजे हाउसहोल्ड, एका छताखाली राहणारे सगळे, नात्याचे असोत नसोत. चार रूममेट भाड्याने राहतात ते एक हाउसहोल्ड, एकटी राहणारी आजी हेही एक हाउसहोल्ड. फॅमिली म्हणजे नात्यातली दोन किंवा जास्त माणसं, आणि फॅमिलीचं मीडियन सहसा हाउसहोल्डपेक्षा जास्त येतं, त्यामुळे एका वर्षी हे आणि दुसऱ्या वर्षी ते घेतलं की वाढ आपोआप तयार होते. कॉलेजची डॉर्म, तुरुंग, नर्सिंग होम ह्यांतली माणसं हाउसहोल्डमध्ये धरत नाहीत. पण कॉलेजच्या गावात बाहेर फ्लॅट घेऊन राहणारी पोरं धरतात, म्हणून विद्यापीठाच्या काउंटीचं मीडियन बऱ्याचदा वाटतं त्याहून खाली असतं.

उत्पन्न म्हणजे घरातल्या १५ वर्षांवरच्या सगळ्यांचं, टॅक्स कापायच्या आधीचं, रोख. पगार, धंदा, व्याज, भाडं, सोशल सिक्युरिटी, पेन्शन हे आत. शेअर किंवा घर विकून झालेला नफा बाहेर, फूड स्टॅम्प बाहेर, कंपनीने भरलेला हेल्थ इन्शुरन्सही बाहेर.

⚠️ ब्युरो ऑफ इकॉनॉमिक अॅनालिसिसचं दरडोई पर्सनल इन्कम इथे वापरू नका. ती सरासरी आहे आणि तिच्यात सरकारी आरोग्य योजनांचा खर्च, मालकाने भरलेले हप्ते असं बरंच काही येतं. आपल्याकडे महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्यांचं दरडोई उत्पन्न असतं ना, तेही उत्पादनाला लोकसंख्येने भागून आलेलं असतं, त्याची तुलना काउंटीच्या मीडियनशी लावू नका, दोन्ही वेगळ्या जातीचे आकडे आहेत.

टप्पा २ : प्रश्न एका वाक्यात बसवा

"उत्पन्न कसं बदललं" हा प्रश्न फार ढिला आहे. खालच्या तिन्हीतला तुमचा कुठला ते ठरवा:

१. आत्ता पातळी किती आहे?
२. दोन काळांमध्ये फरक किती पडला?
३. दरवर्षी आकडा कसा कसा सरकत गेला?

तिन्हींना वेगवेगळा स्रोत लागतो. हे वाक्य शीटच्या पहिल्या ओळीत लिहा, पुढे उपयोगी पडेल.

टप्पा ३ : स्रोत एकच निवडा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. कामाचे स्रोत असे:

*एसीएस एक वर्षाचा.* सेन्सस ब्युरोचा, म्हणजे तिथल्या जनगणना खात्याचा, अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, २००५ पासून पूर्ण प्रमाणात. पण फक्त ६५,००० किंवा जास्त लोकसंख्येच्या काउंट्या. एकूण काउंट्या आणि त्यांच्या बरोबरीचे भाग ३,१०० च्या वर, त्यातल्या साधारण चौथा हिस्साच इथे सापडतो. आपल्या लोकांचं एडिसन ज्या न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत येतं ती मोठी आहे, तिला हा चालतो. मोंटाना किंवा नेब्रास्कातल्या बहुतेक काउंट्यांना नाही.

*एसीएस पाच वर्षांचा.* सगळ्या काउंट्या मिळतात. पहिला संच २००५–२००९ चा. यात पाच वर्षांच्या मुलाखती एकत्र केलेल्या असतात, म्हणजे "२०२३" लिहिलेली फाइल खरं तर २०१९ ते २०२३ ची आहे.

*सायपे.* सेन्सस ब्युरोचाच स्मॉल एरिया अंदाज. जवळपास सगळ्या काउंट्यांसाठी एकेका वर्षाचा आकडा देतो, १९८९, १९९३, १९९५ आणि मग १९९७ पासून दरवर्षी. हा नुसता सर्व्हे नाही, मॉडेल आहे. सर्व्हेचा आकडा, टॅक्स रिटर्नची माहिती, जुन्या जनगणनेचे किंवा पाच वर्षांच्या संचाचे आकडे असं सगळं एकत्र करून अंदाज काढतात. काउंटी जितकी लहान तितका सर्व्हेचा वाटा कमी आणि मॉडेलचा जास्त. २००४ पर्यंत त्याच्या मुळाशी करंट पॉप्युलेशन सर्व्हे हा दुसरा सर्व्हे होता, २००५ पासून एसीएस आला, म्हणून २००४ आणि २००५ च्या मधली उडी ही खरी उडी समजू नका.

*जनगणनेचा लाँग फॉर्म.* १९९० आणि २००० च्या जनगणनेत साधारण दर सहा घरांमागे एका घराला मोठा फॉर्म जायचा. उत्पन्न मात्र आधीच्या वर्षाचं विचारायचे, म्हणून २००० च्या जनगणनेतला आकडा १९९९ चा. २०१० ला लाँग फॉर्म नव्हता, त्यामुळे "२०१० च्या जनगणनेतलं उत्पन्न" अशी गोष्टच नाही, आणि तसं लिहिलेलं मी कितीतरी रिपोर्टमध्ये वाचलंय.

माझा सल्ला सरळ आहे. दरवर्षीचा प्रवास आणि लहान काउंट्या असतील तर सायपे. दोन काळांतला फरक आणि सगळ्या काउंट्या असतील तर एसीएस पाच वर्षांचा. फक्त मोठ्या काउंट्या असतील तर एसीएस एक वर्षाचा. एकदा घेतला की शेवटपर्यंत तोच. मोठ्या काउंटीला एक वर्षाचा आणि शेजारच्या लहानीला पाच वर्षांचा असं मिसळून नकाशा रंगवला तर रंगातला फरक उत्पन्नाचा की स्रोताचा ते कोणालाच सांगता येणार नाही.

⚠️ सायपे वापरून पुढे रिग्रेशन करणार असाल तर थांबा आणि विचार करा. त्या आकड्याच्या आत टॅक्सची माहिती आधीच घातलेली आहे. तुम्ही परत टॅक्स रिटर्नवरचं उत्पन्न बाजूला ठेवून संबंध शोधलात तर तो संबंध काही अंशी मॉडेलनेच घातलेला असेल.

⚠️ एसीएसचा २०२० चा एक वर्षाचा नेहमीचा संच निघालाच नाही, कोविडमुळे उत्तरं कमी आली म्हणून ब्युरोने तो फक्त प्रायोगिक म्हणून काढला. चार्टमध्ये २०२० ची जागा रिकामी सोडा, २०१९ आणि २०२१ ची सरासरी टाकून भरू नका.

टप्पा ४ : डाउनलोड, आणि सोबत मार्जिन ऑफ एररसुद्धा

एसीएसमध्ये टेबल बी१९०१३. त्यात दोन कॉलम लागतात, एक अंदाज आणि दुसरा मार्जिन ऑफ एरर, म्हणजे नमुन्यामुळे तो अंदाज किती वर-खाली असू शकतो ते. बहुतेक जण दुसरा कॉलम उतरवतच नाहीत आणि टप्पा ८ ला येऊन अडतात. सोबत बी१९००१ पण घ्या, त्यात १६ उत्पन्न गटांत किती घरं ते असतं, पुढे लागेल. आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर टायडीसेन्सस पॅकेजने दोन ओळींत काम होतं. सायपेची मालिका सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या फ्रेड ह्या डेटा साइटवरही काउंटीवार मिळते, एखाद-दुसरी काउंटी बघायची असेल तर तेच सोपं.

फाइल उघडायच्या आधी फिप्स कोडचा, म्हणजे प्रत्येक काउंटीच्या सरकारी क्रमांकाचा, कॉलम टेक्स्ट करून घ्या. काउंटीचा कोड पाच आकडी असतो, पहिले दोन राज्याचे. अलाबामातल्या ऑटॉगाचा कोड ०१००१, एक्सेलने साधं उघडलं की तो १००१ होतो, आणि मग अलाबामा, अलास्का, ॲरिझोना, आर्कान्सा, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, कनेक्टिकट सगळी राज्यं जोडणीत गळून पडतात. एका मुलीचा अख्खा आठवडा ह्यात गेला होता, नकाशावर कॅलिफोर्निया पांढरा का दिसतोय ते तिला कळेना.

नावावरून फाइली जोडू नका, कधीच नाही. मिडलसेक्स काउंटी न्यू जर्सीत आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, कनेक्टिकटमध्ये होती आणि व्हर्जिनियातही आहे. शिवाय सेंट लुईस काउंटी (२९१८९) वेगळी आणि सेंट लुईस शहर (२९५१०) वेगळं, बाल्टिमोरचंही तसंच, दोन्ही काउंटीच्या बरोबरीचे धरतात.

✔ तपासा: प्रत्येक वर्षाच्या फाइलमध्ये किती ओळी आहेत ते मोजा. पाच वर्षांच्या संचात पोर्टो रिको सोडून ३,१४० च्या आसपास यायला हव्यात. फार कमी असतील तर इथेच थांबा.

टप्पा ५ : खोटे आकडे बाजूला काढा

एपीआयवरून, म्हणजे प्रोग्रॅममधून थेट, डेटा घेतला की काही ठिकाणी -६६६६६६६६६ असं काहीतरी दिसेल. तो आकडा नाही, नमुना पुरला नाही म्हणून अंदाज दिला नाही ह्याची ती खूण. मार्जिनच्या कॉलममध्ये -२२२२२२२२२ आणि -३३३३३३३३३ अशाही खुणा असतात. ह्या सगळ्या रिकाम्या करा. शून्य घालू नका, शून्य म्हणजे उत्पन्नच नाही असा अर्थ होतो.

दुसरं, मीडियन बरोब्बर २,५०,००१ दिसलं तर त्याचा अर्थ "अडीच लाख किंवा त्याहून जास्त" एवढाच. काउंटीच्या पातळीवर हे क्वचित, पण ट्रॅक्टवर, म्हणजे काउंटीच्या आतल्या लहान भागांवर, गेलात की दिसायला लागतं.

टप्पा ६ : काउंट्यांची यादी सगळ्या वर्षांत सारखी करा

काउंट्या बदलतात. कमी बदलतात, पण नेमक्या अशा ठिकाणी बदलतात की मालिका तुटते. नुसते नाव-कोड बदललेले आधी उरका: साउथ डकोटातली शॅनन काउंटी २०१५ मध्ये ओग्लाला लकोटा झाली, कोड ४६११३ चा ४६१०२. अलास्कातलं वेड हॅम्प्टन त्याच वर्षी कुसिल्वाक झालं, ०२२७० चं ०२१५८. जुन्या फाइलींत मायामीची डेड काउंटी १२०२५ असते, आता १२०८६. इथे फक्त जुना कोड बदलून नवा लिहायचा.

मग विलीन झालेले. व्हर्जिनियातलं बेडफर्ड शहर २०१३ मध्ये बेडफर्ड काउंटीत गेलं, म्हणजे आधीच्या वर्षांत दोन ओळी आणि नंतर एक. त्याआधी २००१ मध्ये क्लिफ्टन फोर्ज अलेगनी काउंटीत गेलं. आधीच्या वर्षांतल्या दोन ओळी एकत्र कराव्या लागतात, कशा ते टप्पा ७ मध्ये.

फुटलेले जास्त त्रासाचे. अलास्कातलं व्हाल्डेझ-कॉर्डोवा २०१९ मध्ये चुगाच आणि कॉपर रिव्हर असं दोन झालं, तिथे नंतरचे दोन जोडून जुनं बनवता येतं. कोलोरॅडोतली ब्रूमफील्ड मात्र २००१ मध्ये ॲडम्स, बोल्डर, जेफर्सन आणि वेल्ड ह्या चौघींच्या तुकड्यांतून बनली, तिथे १९९९ शी तुलना करायची तर पाचही मिळून एक मोठा भाग धरा किंवा तो भाग सोडून द्या आणि सोडल्याचं लिहा.

कनेक्टिकट सगळ्यात मोठी अडचण. २०२२ च्या एसीएसपासून तिथल्या ८ काउंट्या गेल्या आणि ९ प्लॅनिंग रिजन आले, कोडही नवे, ०९११० ते ०९१९०. जुन्या आणि नव्याच्या सीमा जुळत नाहीत, त्यामुळे सरळ कोड बदलून चालत नाही. मार्ग एकच, टाउनवर उतरायचं. राज्यात १६९ टाउन आहेत, प्रत्येक टाउन एका जुन्या काउंटीत आणि एका नव्या रिजनमध्ये पूर्ण बसतं. पाच वर्षांच्या संचात टाउनचे उत्पन्न गट मिळतात, ते जोडून जुनी काउंटी परत उभी करता येते.

टप्पा ७ : दोन भाग एकत्र करायचे तर मीडियनची सरासरी काढू नका

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे आणि चांगल्या, हुशार लोकांकडून पाहिली आहे. दोन मीडियनची सरासरी म्हणजे एकत्र भागाचं मीडियन नव्हे, घरांच्या संख्येचं वजन लावलं तरी नव्हे.

असं करा. बी१९००१ मधून दोन्ही भागांचे १६ गट घ्या, गटागटाची बेरीज करा, मग अर्धी घरं कुठल्या गटात संपतात ते बघा. समजा बेरीज करून १०,००० घरं झाली, निम्मी म्हणजे ५,०००. ५०,००० डॉलरच्या खाली ४,६०० घरं आहेत, आणि ५०,००० ते ५९,९९९ च्या गटात १,००० घरं. म्हणजे अजून ४०० घरं पुढे जायचंय, १,००० पैकी ४००, म्हणजे गटाच्या ४० टक्के आत. गटाची रुंदी १०,०००. मीडियन आलं ५०,००० अधिक ४,००० म्हणजे ५४,०००.

गट रुंद असेल, जसं ७५,००० ते ९९,९९९, तर हे सरळ रेषेचं गणित थोडं ढिलं पडतं, कारण गटात घरं सारखी पसरलेली नसतात. तरी मीडियनच्या सरासरीपेक्षा हे कितीतरी बरं.

⚠️ गटांच्या सीमा त्या त्या संचाच्या डॉलरमध्ये असतात. आधी मीडियन काढा, महागाईची दुरुस्ती नंतर.

✔ तपासा: एकाच न तुटलेल्या काउंटीवर हे गणित करून बघा आणि बी१९०१३ मधल्या छापील आकड्याशी ताडा. थोडा फरक चालेल, हजारोंचा फरक आला तर गटांची बेरीज चुकली आहे.

टप्पा ८ : डॉलर एका वर्षाचे करा

एसीएस पाच वर्षांच्या संचातले सगळे आकडे ब्युरोने आधीच शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये आणलेले असतात. २००९–२०१३ चा संच म्हणजे २०१३ चे डॉलर. लोक संचाचं मधलं वर्ष २०११ धरून महागाई लावतात आणि दोन वर्षांची महागाई दुप्पट मोजतात.

किती फरक पडतो बघा. ग्राहक किंमत निर्देशांकाची वार्षिक सरासरी २०११ ला २२४.९३९, २०१३ ला २३२.९५७ आणि २०२३ ला ३०४.७०२. २००९–२०१३ च्या फाइलमध्ये ४५,००० असेल तर २०२३ च्या डॉलरमध्ये ते ४५,००० × ३०४.७०२ ÷ २३२.९५७, म्हणजे साधारण ५८,८५९. चुकून २०११ धरलं तर ६०,९५७. दोन हजार डॉलर हवेतून आले, आणि आता वाढ झालेली काउंटी घसरलेली दिसू शकते.

सायपेचे आकडे त्या त्या वर्षाच्या डॉलरमध्ये असतात, तिथे त्याच वर्षाचा निर्देशांक लावा. मालिका १९९० च्या दशकात मागे जात असेल तर साध्या निर्देशांकाऐवजी संशोधन मालिका, म्हणजे सीपीआय-यू-आरएस, घ्या, कारण मधल्या काळात निर्देशांक काढायची पद्धत बदलत गेली आणि ही मालिका आताची पद्धत मागेपर्यंत लावते.

मार्जिनलाही तोच गुणक लावायचा. हे विसरतात.

आणि ही दुरुस्ती काळाची आहे, जागेची नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारातले ६०,००० आणि मिसिसिपीतल्या एखाद्या काउंटीतले ६०,००० ह्यांत काय काय विकत येतं ते वेगळं, त्याबद्दल हा आकडा काही सांगत नाही.

टप्पा ९ : फरक खरा आहे का ते तपासा

पाच वर्षांच्या संचांची तुलना करताना वर्षं एकमेकांवर चढलेली नसावीत. २००९–२०१३, २०१४–२०१८, २०१९–२०२३ हे तीन चालतात. २०१८–२०२२ आणि २०१९–२०२३ मध्ये चार वर्षं तीच आहेत, त्यांतल्या फरकाला "एका वर्षातली वाढ" म्हणणं चूक.

आता गणित. एसीएसचं मार्जिन ९० टक्के खात्रीचं असतं, त्याला १.६४५ ने भागलं की स्टँडर्ड एरर मिळते. समजा डॉलर सारखे करून पहिला अंदाज ५२,००० अधिक-उणे ३,००० आणि दुसरा ५६,००० अधिक-उणे ३,५००. स्टँडर्ड एरर आल्या १,८२४ आणि २,१२८. दोघींचे वर्ग करून बेरीज, त्याचं वर्गमूळ, आलं साधारण २,८०२. फरक ४,०००, त्याला २,८०२ ने भागा, १.४३. हे १.६४५ पेक्षा कमी, म्हणजे ४,००० डॉलरची "वाढ" नमुन्याच्या चढउतारातूनही येऊ शकते. "वाढ झाली" असं लिहायचं नाही.

लहान काउंट्यांत हे फार होतं. टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं होती. तिथलं मीडियन एका संचातून दुसऱ्यात किती उडतं ते बघा आणि मग "सर्वात वेगाने वाढलेल्या दहा काउंट्या" अशी यादी करायचा मोह सोडा, ती यादी दरवेळी लहान काउंट्यांनीच भरते, वरची पण आणि खालची पण. मी स्वतः स्टँडर्ड एरर अंदाजाच्या १० टक्क्यांच्या वर गेली की ती काउंटी क्रमवारीतून काढते आणि किती काढल्या ते लिहिते.

सायपेतही खालची-वरची ९० टक्के सीमा दिलेली असते, ती उतरवा. मात्र मॉडेलमुळे सलग वर्षांचे अंदाज एकमेकांपासून पूर्ण सुटे नसतात, म्हणून वरचं गणित तिथे ढोबळ समजा.

टप्पा १० : चार्ट आणि वाक्य

पाच वर्षांचा संच चार्टवर ठेवताना बिंदू मधल्या वर्षावर ठेवा, २०१९–२०२३ चा बिंदू २०२१ वर, पण डॉलर २०२३ चे असं अक्षावर लिहा. मार्जिनची उभी रेघ प्रत्येक बिंदूला द्या. सायपेच्या मालिकेत २००४–२००५ च्या मध्ये रेघ तोडा, जोडू नका.

वाक्य लिहिताना एक गोष्ट सांभाळा. मीडियन वाढलं म्हणजे तिथली माणसं सुधारली असं नेहमीच नसतं. भाडी वाढून कमी उत्पन्नाची घरं शेजारच्या काउंटीत गेली तरी मीडियन वर जातं, आणि त्या गेलेल्या घरांचं काय झालं ते ह्या आकड्यात कुठेच नसतं. म्हणून "काउंटीतल्या लोकांचं उत्पन्न वाढलं" ऐवजी "काउंटीचं मीडियन घरगुती उत्पन्न वाढलं" असं लिहा, आणि जमलं तर बी१९००१ मधून खालच्या गटांतली घरं संख्येने कमी झाली का, आणि एकूण घरं किती वाढली, हे दोन आकडे शेजारी ठेवा.

चार्टच्या खाली चार गोष्टी हव्यात: स्रोत कुठला, संच कुठल्या वर्षांचे, डॉलर कुठल्या वर्षाचे, कुठल्या काउंट्या जोडल्या किंवा सोडल्या. मग शीटच्या पहिल्या ओळीत लिहिलेला प्रश्न परत वाचा. तुमचा चार्ट त्याच प्रश्नाचं उत्तर देत नसेल तर टप्पा ३ वर परत जा.